विसणाचा हिशेब

मराठीत 'विसण' असा एक जुना शब्द आहे. आंघोळीचे पाणी फार कढत झाले की ते अंगाला सोसावे म्हणून त्यात जे गार पाणी घालायचे, ते विसण. वऱ्हाडात त्याचे 'इसन' होते. या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की पाणी हवे त्याहून जास्त तापलेले असणार. चुलीवरचे पाणी असेच तापते. जाळ लागला की लागला. अमुक अंशावर थांब, असे त्याला सांगता येत नाही. म्हणून तापवून घ्यायचे आणि मग विसण घालायचे.

आम्ही दोन हिवाळे वाशीम शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत काढले. त्या घरात गॅसची जोडणी नव्हती. अन्न विजेच्या शेगडीवर आणि पाणी बादलीत सोडलेल्या रॉडवर, असा सगळा कारभार होता. पहिल्या महिन्याचे बिल आले आणि आमच्या सवयी बदलल्या. पाणी बोटाला पुरेसे वाटले की बटण बंद होऊ लागले. विसण घालण्याची वेळच येईना. जळण मीटरमधून येऊ लागले की विसण ही उधळपट्टी ठरते, हे तेव्हा ध्यानात आले. एका घरगुती शब्दाच्या मागे असा हिशेब उभा असेल, तर तो मुळापासून तपासून पाहावा असे वाटले. प्रस्तुत टिपण त्यातून आले आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे ते मांडण्याचे कारण शेवटी स्पष्ट होईल.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन याच शाखेचा संस्थापक. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव आणखी एका कारणाने ठाऊक असते. दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला, तो याच नगरात. इंग्रजी अमलात हे गाव 'बाशीम' झाले. १९०५ पर्यंत त्याच नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, मग त्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा काढण्यात आला. वऱ्हाड म्हटले की बाहेरच्या माणसाला फक्त ऊन आठवते. पण पूर्णेच्या खोऱ्यातून घाट चढून वर आले की हे पठार लागते. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे, आणि मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे येथे गार पाण्याने आंघोळ करणे हे व्रतच असते. येथे खोली उबदार ठेवण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो पाण्याचा. या जिल्ह्यात ऊब म्हणजे एक बादली गरम पाणी, एवढीच व्याख्या पुरे.

ही बादली मराठी गद्यात अगदी पहिल्यापासून आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' शेजारच्याच रिद्धपुराशी निगडित आहे. त्यात चक्रधरस्वामींच्या 'मर्दना-मादण्या'चा, म्हणजे अंग रगडण्याचा आणि न्हाण्याचा, उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. स्वामींचे न्हाणे, त्यांचे जेवण, त्यांचा विहार यांची नोंद त्या ग्रंथाने जितक्या निष्ठेने ठेवली, तितकी क्वचितच कोणी ठेवली असेल. बाइसांसारख्या भक्त स्त्रिया ही सेवा करीत, हेही आपल्याला कळते. जळण मात्र पाठीमागेच राहते. ते कोणी आणले, किती लागले, हा प्रश्न त्या ग्रंथाचा नाही. पुढच्या सात शतकांतही तो फारशा कोणा ग्रंथाचा झाला नाही.

का झाला नाही, याचे उत्तर चुलीच्या रचनेत आहे. मुख्य चुलीवर भाकर चालू असे, आणि मागच्या वैलावर पाण्याचे भांडे. म्हणजे जी आच वाया जायची तिच्यावर पाणी तापत असे. अंगणातल्या चुलवणावर वेगळे पाणी ठेवले तरी खाली काय जाळायचे, याची चिंता कापसाच्या मुलखात कमी होती. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. तूर झोडपली की उरतात त्या तुराट्या. या दोन्ही काड्यांचा ढीग रचून ठेवलेला नाही असे शेतकऱ्याचे घर वऱ्हाडात नसे. त्यात गोवऱ्यांची भर. आमच्या घरी जुन्या रोजखर्चाच्या वह्या आहेत. त्यांत मीठ आहे, तेल आहे, काड्यापेटी आहे, पावसाळ्यात कधी विकत घेतलेले लाकूड आहे. पऱ्हाटीची नोंद एकाही पानावर नाही. विकत घेतली नाही म्हणून लिहिली नाही. यावरून ती फुकट होती असा निष्कर्ष निघतो, आणि मराठी ललित लेखनाने तो निःशंकपणे काढलेला आहे. तांब्याचा चकचकीत बंब, त्याखालचा ढणढणता जाळ, धुराच्या वासाचे पाणी, आजीने पाठीवर ओतलेला तांब्या, ही सारी चित्रे आपल्या परिचयाची आहेत आणि ती खोटी नाहीत. पण जळणाच्या बाबतीत ती मुकी आहेत.

हा मुका भाग आकड्यांत मांडता येतो. १५ लिटरांची बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला लागणारी उष्णता ठरलेली आहे. तिच्यात ना राजवंश बदलून फरक पडतो ना इंधन बदलून. विजेच्या भाषेत ती ०.४४ युनिट होते. साध्या उघड्या चुलीत लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला लागते, बाकीची धुराबरोबर आणि भिंतींत जाते. म्हणजे वेगळा जाळ घातला तर एका बादलीमागे साधारण किलोभर काटक्या जळतात. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या, महिन्याला दीडशे. दीडशे किलो जळण. एक मोळी २० किलोंची धरली तर सात-आठ मोळ्या, केवळ न्हाण्यापोटी. त्या तोडायच्या, बांधायच्या, डोक्यावर आणायच्या, पावसाआधी झाकायच्या, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून फुंकणीने फुंकायच्या. हे काम कोणाचे होते, ते सांगायला नको. खर्च होत होता. तो वहीत चढत नव्हता, बाईच्या मानेवर, डोळ्यांत आणि छातीत चढत होता.

ज्यांच्याकडे शेत नव्हते त्यांच्यासाठी तर पऱ्हाटीही फुकट नव्हती. एकोणिसाव्या शतकात कापसाखालचे क्षेत्र वाढत गेले, गावाच्या सामायिक जमिनी आक्रसल्या, आणि १८८६च्या वऱ्हाडच्या वन कायद्याने राखीव जंगलातून काय न्यावे यावर सरकारी बंधने आली. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात या आक्रसण्याचा विस्ताराने शोध घेतला आहे. भूमिहीन घराला जळण मिळे ते दुसऱ्याच्या शेतात राबून, किंवा नजर चुकवून. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. कौतिकच्या संसाराची ती कहाणी वाचताना आपण शीर्षकातल्या धगीचा अर्थ दुःखाची धग असा लावतो, आणि तो बरोबरच आहे. पण ज्या थरातून ती कादंबरी उगवली, तेथे धग हा शब्द आधी चुलीचा आहे आणि मग मनाचा. प्रतिमेकडे जाताना आपण वस्तू ओलांडून जातो, ही आपली सवय येथे नोंदवून ठेवावी.

पुढे दोन बदल झाले. रॉकेलचा स्टोव्ह घरात आला, आणि शेतातून कापूस हळूहळू मागे सरला. रॉकेल हे मोजून मिळणारे पहिले घरगुती इंधन. ते शिधापत्रिकेवर, रांगेत उभे राहून, मापाने घ्यायचे. गॅसची जोडणी मिळाली की पत्रिकेवर शिक्का बसायचा आणि रॉकेल तुटायचे. स्वस्त इंधनाच्या या व्यवस्थेला एक काळी बाजूही होती. 'स्टोव्हचा भडका' या शब्दांना एका काळी वर्तमानपत्रांत दुसराच अर्थ आला होता, आणि सासरी होणाऱ्या छळाला गुन्हा ठरवणारे कलम ४९८-अ भारतीय दंडसंहितेत १९८३ साली घालावे लागले, त्यामागे अशा जळिताच्या बातम्याही होत्या. इंधनाचा इतिहास लिहिताना हे मृत्यू खर्चाच्या रकान्यात धरायचे की नाही? आमच्या मते धरले पाहिजेत.

दुसरा बदल अधिक शांतपणे झाला. गेल्या तीन-चार दशकांत वाशीम जिल्हा कापसाकडून सोयाबीनकडे वळला; आज हे येथील मुख्य पीक आहे. सोयाबीन मळणीयंत्रातून काढले की उरते ते कुटार. ते जनावरांपुढे टाकता येते, पण त्याने पाणी तापत नाही. तुराट्या अजून आहेत, पण पऱ्हाटीचे ते जुने ढीग गेले. सोयाबीनच्या भावाची चर्चा दर हंगामात होते. त्या पिकाने चुलीखालचे जळण काढून घेतले, याची चर्चा ऐकल्याचे आम्हांला आठवत नाही.

मग गॅस. देशात 'इंडेन'ची जोडणी १९६५ साली सुरू झाली. पण लहान गावांना सिलिंडर मिळायला कित्येक वर्षांची प्रतीक्षायादी ओलांडावी लागे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर जोडणी गरीब घरांत पोचली. तरीही जोडणी असणे आणि सिलिंडर भरलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाड्याने राहणारे विद्यार्थी, बदलीवर आलेले शिक्षक, मजुरीसाठी गावे बदलणारी कुटुंबे, यांच्यापैकी अनेकांना कागदपत्रांची आणि अनामत रकमेची तजवीज करण्यापेक्षा दुकानातून रॉड आणणे सोपे वाटते. आमचेही तसेच झाले होते.

वीज मात्र तापवण्यासाठी आलीच नव्हती. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रदेशात होता. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी राज्य वीज मंडळ स्थापन झाले. खेड्यांत वीज नेण्यामागे मोठी प्रेरणा होती ती विहिरीवरच्या पंपाची. घरात ती दिव्यासाठी होती. १९८८-८९ साली सुरू झालेल्या कुटीर ज्योती योजनेत गरीब घराला जोडणी मिळे ती एका दिव्यापुरती. दीड हजार वॅटचा रॉड म्हणजे तसे पंचवीस दिवे एकदम लावल्यासारखे. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले, ती आणि पुढची काही वर्षे भारनियमनाची होती. ज्या पाळीला वीज असेल त्या पाळीला पाणी तापवायचे. कोणी रात्रीच तापवून हंडा गोधडीत गुंडाळून ठेवायचे. उजेडासाठी बांधलेल्या व्यवस्थेवर उष्णतेचे ओझे पडले, ते असे मागल्या दाराने.

आता बिल वाचू. साहित्याचे विद्यार्थी संहिता वाचतात तसेच ते वाचावे, अशी आमची सूचना आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, अशी त्याची परिभाषा आहे. २०२४-२५ या वर्षी घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांसाठी वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता, आणि १०१ ते ३०० युनिटांसाठी १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर वहन आकार १ रुपया १७ पैसे, आणि बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार आणि इंधन समायोजन बाजूला ठेवले तरी पहिल्या पायरीवरचे युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडते आणि दुसऱ्या पायरीवरचे १३ रुपये २९ पैशांना. बादलीची उष्णता ०.४४ युनिट, थोडी गळती धरून अर्धे युनिट. तीच बादली पहिल्या पायरीवर ३ रुपये ४१ पैशांची आहे आणि दुसऱ्या पायरीवर ६ रुपये ६५ पैशांची.

पाच माणसांच्या घराचे पुन्हा पाहू. दीडशे बादल्या म्हणजे ७५ युनिटे. दिवे, पंखा, दूरदर्शन आणि शीतकपाट यांची ८० युनिटे आधीच असतील, तर २० युनिटे पहिल्या पायरीत बसतात आणि ५५ दुसऱ्या पायरीवर जातात. एकूण सुमारे ८६७ रुपये, केवळ आंघोळीचे. आता गॅस. १४.२ किलोंच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली ६० टक्के भांड्याला लागते असे धरले, तर दीडशे बादल्यांना सिलिंडरचा सहा दशांश भाग पुरतो. त्या आर्थिक वर्षात मुंबईत सिलिंडरचा दर ८०२ रुपये ५० पैसे होता. त्या भावाने हिशेब ४८२ रुपयांचा होतो.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. ही ७५ युनिटे पूर्णपणे पहिल्या पायरीत बसली असती, तर त्यांचे ५११ रुपये झाले असते, म्हणजे जवळजवळ गॅसइतकेच. पूर्णपणे दुसऱ्या पायरीवर गेली असती तर ९९७ रुपये. तेव्हा वीज ही मुळातच महाग आहे, हे विधान अपुरे आहे. ती महाग होते ती शंभराच्या उंबरठ्यावर. हा उंबरठा गरिबाला स्वस्त दिवा मिळावा म्हणून बांधला गेला, आणि त्यामागचा हेतू न्याय्य आहे. पण तो दिव्याचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून बांधला गेला. ज्याची चूल आणि न्हाणीही त्याच तारेवर आहे तो माणूस त्यात कल्पिलेला नाही. ज्याच्याकडे गॅस आहे त्याचे युनिट स्वस्त राहते, आणि ज्याच्याकडे गॅस नाही तोच महागड्या पायरीवर चढतो. एका मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे राहात असतील तर ती सगळीच मिळून तेथे पोचतात, मग त्यांतील प्रत्येक कितीही काटकसरी असो.

याच तारेच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक विसंगती आहे. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात पारसचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग विजेत उतरतो. उरलेली बरीचशी उष्णता गरम पाण्याच्या रूपाने बाहेर पडते, आणि ते पाणी थंड करण्यासाठी उंच मनोरे बांधलेले असतात. म्हणजे एके ठिकाणी पाणी निववण्यावर खर्च होतो, आणि त्या विजेने शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत घरोघरी पाणी तापवण्यावर खर्च होतो. वैलावर वाया जाणारी आच पकडणारी बाई या व्यवस्थेपेक्षा कमी हुशार नव्हती.

म्हणून चुलीकडे परत जावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही, आणि ज्यांनी फुंकणी हातात धरली आहे त्यांच्यापैकी कोणी म्हणेल असे वाटत नाही. रॉडलाही स्वतःचे भय आहे. बटण बंद न करता पाण्यात हात घातल्याने माणसे दगावतात. तरीही पहाटे सात-आठ मोळ्यांचे ओझे नाही, डोळ्यांत धूर नाही, हे सुख लहान नाही. मुद्दा इतकाच की, ही ऊब आधी फुकट होती आणि विजेने तिला किंमत लावली, ही आपल्या गतकातर लेखनाने रूढ केलेली समजूत इतिहासाला धरून नाही. किंमत नेहमीच होती. बिल हे तिचे पहिले लेखी रूप. लिहिले गेले म्हणून ती भांडता येण्याजोगी झाली. दरपत्रकावर वीज नियामक आयोगापुढे हरकत नोंदवता येते. मोळीच्या वजनाविरुद्ध हरकत नोंदवायला कोणतेही कार्यालय नव्हते. साहित्याच्या अभ्यासकाने बिल वाचावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही असे मानण्याची चूक इतिहासकार करतो तशी रसिकही करतो.

जाता जाता राजशेखराकडे पुन्हा एकदा वळू. 'काव्यमीमांसे'त त्याने कवीची दिनचर्या सांगितली आहे. सकाळी अध्ययन, मग काव्यरचना, आणि मध्याह्नाच्या सुमारास स्नान. कवीला पहाटेची गाडी गाठायची नव्हती, सातची शाळाही नव्हती; तोपर्यंत उन्हाने पाण्याचा गारठा आपोआप गेलेला असणार. २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसा, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत देण्यात आली, कारण सूर्यापासूनची वीज तेव्हा मुबलक असते. अकराशे वर्षांनी दरपत्रकाने राजशेखराचीच वेळ सुचवली म्हणायची. पण पौषातल्या पहाटे ज्याला कामावर निघायचे आहे, त्याची बादली त्या वेळेच्या अलीकडेच तापून जाते. काव्यपुरुषाच्या या गावात अजून बहुतेकांचे न्हाणे उजाडण्याआधीचे आहे, आणि त्याचा पूर्ण दर लागतो.